कोरे पाय

पाणथळातली वाट एकदा केली आणि झाली, असं नसतं. पाणी चढतं, उतरतं. बोरू माणसापेक्षा उंच वाढतो आणि वादळवाऱ्यात आडवा पडतो. मागल्या खेपेला जिथे कोरडी जमीन होती, तिथे या खेपेला टिबुकली ऐटीत घरटं करून बसलेली असते. म्हणून पक्ष्यांच्या विणीचे दिवस सरेपर्यंत वाट बंद ठेवायची, मग कुजलेल्या फळ्या बदलायच्या, गवत कापायचं, पाट्या रोवायच्या. आणि लोकांना आत सोडण्याआधी एक शेवटचं काम करायचं. एक कोऱ्या पायांचा माणूस शोधायचा.

कोऱ्या पायांचा म्हणजे ज्याने ती वाट जन्मात तुडवलेली नाही असा. त्याला पुढे घालायचं. वाटेच्या राखणदाराने चार पावलं मागून चालायचं, बगलेत लाल चिंध्या बांधलेल्या काठ्या घेऊन, तोंडाला कुलूप लावून. पुढचा माणूस थबकला की तिथे एक काठी रोवायची. चुकला तर चुकू द्यायचा. बोट दाखवायचं नाही, खाकरायचंसुद्धा नाही. मग चिंध्या बघत पुन्हा जायचं. जिथे थबकला तिथे पाटी लावायची, जिथे चुकला तिथे त्या चुकीच्या वाटेचं तोंड काट्याकुट्या घालून बुजवून टाकायचं. कारण ज्याला वाट पाठ आहे, त्याला ती कुठे फसवते हे दिसत नाही. आपल्या डोळ्यातलं मुसळ आपल्याला दिसेल कसं?

इथल्या राखणदाराला सगळे वाटाड्या म्हणत. खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागलं असतं. त्याचं घर कालव्याच्या झडपेजवळ होतं, वनखात्याचं. कालव्याच्या अलीकडे घर, पलीकडे पाणथळ, आणि मध्ये झडपेवरचा अरुंद पूल. वाटाड्या पहाटे पूल ओलांडून जायचा आणि तिन्हीसांजेला परत यायचा. त्यात त्याची उमेदीची वर्षं गेली, केस गेले, आणि आता नोकरीही संपत आली होती.

खात्याच्या अधिकारी बाई भल्या स्वभावाच्या होत्या. त्यांनी वरती भांडून त्याच्यासाठी एक सोय करून आणली होती. नोकरी संपली तरी वाटेवर नजर ठेवायची, नव्या माणसाला शिकवायचं, आणि त्याबदल्यात दोघं असेपर्यंत घर त्यांचंच. नको असेल तर घर नव्या राखणदाराला जाणार. तिकडे शहरात लेकीने तिसऱ्या मजल्यावर एक खोली यांच्यासाठी रंगवून ठेवली होती. वाट उघडायच्या आत काय ते सांगायचं होतं.

वाटाड्याला काय हवं होतं हे कुत्र्यामांजरालाही कळलं असतं. तिसऱ्या मजल्याच्या नुसत्या विचाराने त्याची जेवणावरची वासना उडायची. पण बायकोला तो म्हणाला, “तू म्हणशील तसं.” आपण फार मोठं मन दाखवलं असं त्याला वाटलं. बायकोने ते ऐकलं, भांडं पुसलं, फळीवर ठेवलं, दुसरं घेतलं. दिवसांवर दिवस गेले, तरी तिच्या तोंडून ना हो निघालं, ना नाही.

त्या सकाळी बाई घरी आल्या त्या डोक्याला हात लावूनच.

“वाटाड्याकाका, झाली पंचाईत. पाववाल्याचा जावई येणार होता ना, त्याचा पाय मुरगळला. उद्या वाट उघडायची, आणि कोरे पाय आणू कुठून?”

“न्हाव्याचा मेव्हणा?”

“तो तुम्हीच नेला होतात मागे. डबक्यात पडला होता.”

“हां. तो तो होय!” वाटाड्या डोकं खाजवू लागला. पोस्टमन झाला होता, शाळेचे मास्तर झाले होते, शिंपीणबाई तिच्या दोन्ही नणंदांसकट झाली होती. आसपासचं एक माणूस उरलं नव्हतं.

बायको चहा ओतत होती. बाईंनी सहज विचारलं, “मावशी, तुम्ही तर कितीदा गेला असाल.”

“मी? माझ्या सवतीच्या घरी मी कशाला जाऊ?”

बाई हसल्या. मग त्यांचं हसू तिथेच थांबलं. “म्हणजे? एकदाही नाही?”

“पूल ओलांडला नाही कधी.”

बाईंनी वाटाड्याकडे पाहिलं. वाटाड्याने कपात पाहिलं.

“काका, अहो, कोरे पाय घरातच होते की! आणि तुम्ही गावभर फिरताय.”

“तिला नाही आवडत चिखलपाणी,” वाटाड्या पुटपुटला.

“मला काय आवडतं ते मला विचारतायत त्या,” बायको म्हणाली. किटली खाली ठेवून तिने हात पुसले. “लेकीचे जुने गमबूट आहेत माळ्यावर. काढा. बघू तरी सवत दिसायला कशी आहे.” आणि मग, जणू काही कालवणात मीठ किती ते सांगावं तसं, म्हणाली, “बाई, आल्यावर तुम्हाला घराचंही सांगून टाकते.”

वाटाड्या माळ्याकडे वळला. म्हणजे सगळं आता या एका फेरीवर होतं, आणि त्या फेरीत त्याला तोंड उघडायची सोय नव्हती.

पुलापाशी बाईंनी नियम पुन्हा बजावला. “मावशी, तुम्ही वाटेल ते बोला. काका गप्प. तुम्ही विचारलंत तरी गप्प.”

“मग त्यांना जड नाही जायचं,” बायको म्हणाली. “सवय आहे.”

बाई पुलाच्या कठड्याला टेकून हसत राहिल्या, आणि ही दोघं पलीकडे उतरली.

सुरुवातीची वाट कालव्याच्या काठानेच जाते. पूर्वी मालाच्या नावा घोडे काठावरून ओढत न्यायचे, म्हणून तो काठ गाडीएवढा रुंद आहे. एका बाजूला संथ, हिरवट पाणी, दुसऱ्या बाजूला बोरूची भिंत. बायको गमबूट फताक् फताक् करत निघाली. थोडं गेल्यावर तिने पाऊल हळू केलं. मागच्याने आपलंही हळू केलं. ती थांबली, तोही थांबला.

“अहो, वाट दोघांपुरती रुंद आहे.”

वाटाड्याने मान हलवली. नाही.

“बरं, नियम,” ती म्हणाली, आणि पुन्हा चालू लागली.

मग ती बोलायला लागली. आधी बोरूबद्दल, मग काठावरच्या निळ्या फुलांबद्दल, मग खंड्याने पाण्यात सूर मारला तेव्हा स्वतःशीच “वा!” म्हणाली. वाटाड्याला वाटलं, चला, गाडी रुळावर आहे. आवडतंय तिला. एका वळणावर ती थबकली, तेव्हा त्याने पहिली काठी रोवली, तीही जरा खुशीतच.

“तुम्हाला वाटतं मला चिखल आवडत नाही,” ती पुढे बघतच म्हणाली. “मी एकदा म्हटलं होतं. लग्न होऊन नवी आले होते तेव्हा. तुम्ही संध्याकाळी गुडघ्यापर्यंत बरबटून आलात आणि मी म्हटलं, ही चिखलातली सवत तुम्हाला सोडत नाही वाटतं. चेष्टा केली होती हो! नव्या नवरीने नवऱ्याची चेष्टा करू नये? तुम्ही हसला नाहीत. गेलात, आंघोळ केलीत, आणि त्या दिवसापासून बूट बाहेर काढून यायला लागलात. मला वाटलं, रागावले. मग मी आपली वाट बघत बसले, की आज म्हणतील, चल. उद्या म्हणतील, चल. न्हाव्याच्या मेव्हण्याला म्हणालात. मला नाही.”

त्या दिवशी वाटाड्या रागावला नव्हता. लाजला होता. चांगल्या घरातली पोर, आपण तिच्या स्वच्छ घरात चिखल आणतो, असं त्याच्या मनाने घेतलं आणि ते दगडावर कोरल्यासारखं बसलं. तिला त्या घाणीपासून दूर ठेवायचं, हाच त्याच्या लेखी नवरेपणा होता. हे सगळं सांगायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. नियम त्याचाच होता. एरवी इतकी वर्षं कुठलाही नियम नसताना तो काय बोलला होता?

काठ सोडून वाट बोरूत शिरली आणि फळ्या सुरू झाल्या. या फळ्या वाटाड्याच्या हातच्या, एकेक रंधा मारून बसवलेल्या. खाली काळं पाणी, वर एका माणसापुरती लाकडी पट्टी. बायको जपून चालत होती. मध्ये एक बाक लागलं. तेही त्याच्याच हातचं. ती त्यावर बसली, आणि त्याच्यासाठी बाजूला सरकू गेली, तर सरकायला जागाच नव्हती.

“हे बाक तुम्ही स्वतःच्या मापाने केलं का हो?”

वाटाड्या बाकाकडे बघत राहिला. खरंच की. पक्षी बघायला येणारे एकेकटे येतात असं त्याने धरलं होतं, कारण तो स्वतः एकटा यायचा. या बाकाला चिंधी लावायची की नाही, हे त्याला कळेना. ती थबकली नव्हती, चुकली नव्हती. शेवटी त्याने बाकाच्या पायाशी एक काठी रोवली. बायकोने ते पाहिलं.

पुढे फळ्या संपून थोडी घट्ट जमीन लागते आणि तिथे वाट डावीकडे वळते, पक्षी बघायच्या लपणीकडे. लपण म्हणजे बोरूचीच एक झोपडी. आत बसलेला माणूस पक्ष्यांना दिसत नाही. वळणावर ठळक पाटी होती. इथे आंधळासुद्धा चुकणार नाही, असं वाटाड्या छाती ठोकून सांगायचा. बायको पाटीपाशी आली. पाटी तिने वाचली. मग तिने समोर पाहिलं, आणि सरळ उजवीकडे बोरूत घुसली.

वाटाड्याला आधी कळेचना ही कुठे चालली. मग त्याने तिच्या डोळ्यांनी पाहिलं. उजवीकडे एक वाट होती. चांगली मळलेली, गुळगुळीत, दोन्ही बाजूंचा बोरू अंगाने घासून मागे झुकलेला. पाटीची वाट तिच्यापुढे नुकती जन्मलेली वाटत होती. ही वाट कुणी कापली नव्हती, तिच्यावर फळी नव्हती. ती त्याच्याच पायांनी पडली होती, रोज संध्याकाळी घराकडे जाता जाता. फेरा वाचवायला तो इथून तिरपा कालव्यावर निघायचा. आजवरचे कोरे पाय तिकडे गेले नाहीत, कारण त्यांना लपण बघायची असायची. हिला घरची वाट ओळखू आली म्हणा, की पायांनीच ओढून नेलं म्हणा. ती गेली.

मध्ये ओल होती. तिचा बूट रुतला, तोल गेला. “अगं—” वाटाड्याच्या ओठांवर आलं ते त्याने दातांखाली चावलं. ती बोरूला धरून उभी राहिली, बूट ओढून काढला, “शहाणी आहे हो सवत, पाय धरते,” म्हणाली, आणि चालत राहिली. वाटाड्याने काठी रोवायला हवी होती. त्याला आठवणच राहिली नाही.

बोरू संपला आणि ती कालव्याच्या काठावर आली. समोर, पाण्यापलीकडे, तिचं स्वतःचं घर होतं. स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी. ओट्यावर तिने सकाळी पालथी घातलेली भांडी, खुंटीवरचा तिचा एप्रन, सगळं असं स्पष्ट की हात लांबवला तर घेता यावं. इतकी वर्षं त्या खिडकीतून तिला नुसती बोरूची भिंत दिसत आली होती.

तिने खाली पाहिलं. बोरूच्या आडोशाला एक खुंट होता, आणि खुंटापाशी जमीन दोन पावलांपुरती खोलगट झाली होती. कुणी रोज उभं राहिल्याशिवाय अशी होत नाही.

“इथून दिसते मी?”

वाटाड्याने मान डोलावली. हो.

“रोज थांबायचात?”

हो.

आता तिचे डोळे भरून येतील, असं वाटाड्याला वाटलं. खरं सांगायचं तर हा त्याचा जन्माचा ठेवा होता. दिवस कसाही गेला असो, चिखलात, पावसात, वरच्यांच्या बोलण्यात, शेवटी इथे उभं राहून उजेडातली ती खिडकी बघितली की तो भरून पावायचा. हे कधीतरी तिला कळावं असंही त्याला वाटायचं.

बायकोचे डोळे भरले नाहीत. ती तापली.

“म्हणजे मी तिकडे जेवण तीनतीनदा गरम करतेय, आज पाणी चढलं का, घसरले का कुठे, जिवाला घोर लावून बसलेय, आणि तुम्ही इथे? हाकेच्या अंतरावर? उभे?”

वाटाड्या उभाच राहिला. खुंटापाशी नाही, जरा लांब.

“लेकीला ताप होता त्या दिवशीही?”

त्याला तो दिवस आठवला नाही. पण नाही म्हणता येईना.

“तुम्हाला मी दिसत होते हो. मला तुम्ही कुठे दिसत होतात?”

एवढं बोलून ती वळली आणि आल्या वाटेने परत निघाली. पाटीपाशी आली, या खेपेला डावीकडे वळली. लपणीत शिरून बसली. बाहेर बगळे होते, लांब चोचीचे पाणलावे होते, पिलांची रांग घेऊन एक पाणकोंबडी चालली होती. बराच वेळ ती ते बघत राहिली. वाटाड्या दाराशी उभा होता. इतर वेळी त्याने प्रत्येक पक्ष्याचा हिशेब सांगितला असता. आज त्याला त्यांच्यातला एकही ओळखीचा वाटेना. त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं. ज्याला आपण माया म्हणत होतो, ती सगळी आपल्याच काठावर राहिली. पलीकडे त्यातली चमचाभरही पोचली नाही.

पुलावर बाई वाट बघत होत्या. “या, या! काका, उघडा आता कुलूप. मावशी, कुठे कुठे अडलात?”

बायकोने सगळं नीट सांगितलं. पहिलं वळण, बाक, पाटी, आणि उजवीकडची वाट. ती वाट कुणाची, हे मात्र सांगितलं नाही.

“आणि घराचं?” बाईंनी विचारलं.

बायकोने श्वास घेतला तेवढ्यात वाटाड्याच बोलला. सकाळपासून कोंडलेला आवाज, नको तितका मोठा निघाला. “घर नव्या माणसाला द्या बाई. आम्ही लेकीकडे जातो. हिने इथे फार दिवस काढले.”

आयुष्यात एकदा तरी तिच्या मनासारखं करायचं, असं त्याने लपणीच्या दाराशी ठरवलं होतं.

बायकोने कमरेवर हात ठेवले.

“मला विचारलंत?”

“आता आणखी काय विचारायचं? तू तिथे बोललीस की—”

“मी बोलले. जायचं म्हणाले का? लग्नानंतर एक चेष्टा केली ती मनात धरून बसलात, आज चार शब्द बोलले तर लगेच बोचकी बांधायला निघालात. अहो, माणसाला विचारावं! तोंड दिलंय ना देवाने?”

“मग विचारतो,” वाटाड्या म्हणाला. खात्याच्या बाई मोठ्या मनाने कालव्यातल्या माशांकडे बघू लागल्या होत्या. “तुला... काय करायचंय?”

“मला राहायचंय,” ती म्हणाली. “तिसऱ्या मजल्यावर जाऊन मी काय पाखरांना हात करू? पण राहायचं तर दोघांनी राहायचं. तुम्ही तिकडे आणि मी इकडे, असं राहणं झालं तेवढं पुरे. ते बाक मोठं करा. आणि फळ्या रुंद करता येत नसतील तर निदान मागे बघत चाला.”

“बाई,” वाटाड्या म्हणाला, “राहतो आम्ही.”

“ऐकलं मी,” बाई म्हणाल्या, आणि जाता जाता मावशीच्या दंडाला हात लावून गेल्या.

दुपारी वाटाड्या कोयता आणि काटेरी फांद्यांचा भारा घेऊन निघाला, तर बायको गमबूट घालून पुलावर उभी. काठाने दोघं शेजारी शेजारी चालली. भारा दोघांच्या मध्ये होता, त्यामुळे बोलायला मान वाकडी करावी लागत होती, तरी बोलली. पाटीपाशी येऊन त्याने भारा खाली टाकला. चुकीच्या वाटेचं तोंड बुजवायचं होतं. कोऱ्या पायांचा नियम सगळ्यांना सारखा.

त्याने एक फांदी रोवली आणि थांबला.

“तू गात असायचीस,” तो म्हणाला. “स्वयंपाक करताना. मी दारात आलो की थांबायचीस. म्हणून मी... जरा उशिरा यायचो.”

बायकोने दुसरी फांदी उचलली होती ती तशीच हातात राहिली.

“तुम्ही दमून यायचात. कानाशी कटकट नको म्हणून थांबायचे.”

बोरूत कुठेतरी पाणकोंबडी ओरडली. दोघंही तिकडे वळली, जणू तिने मध्ये काही महत्त्वाचं सांगितलं. मग बायकोने फांदी पहिलीला अडकवून घट्ट दाबली, वाटाड्याने तिसरी दिली, तिने चौथी मागितली. काटे लागत होते, ती हाताला फुंकर मारून शिव्या देत होती, आणि वाट हळूहळू दिसेनाशी होत होती.

“आता मला सगळा फेरा घालून यावं लागेल,” वाटाड्या म्हणाला. “उशीर होईल.”

“मग लवकर निघत जा,” बायको म्हणाली.